बुबूच्या डोक्यातला आवाज

माहूज, मनामा
११ मार्च १९८३

अख्तरबुबू,

अस्सलामु अलैकुम.

तुला तो आवाज आडवी झाल्यावर जास्त यायचा की उभी असताना? एवढंच मला कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

अकरा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात अशी करते आहे. आधी तुझी खुशाली विचारायला हवी होती. पण ती विचारायला मला तोंड नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

आम्ही इथे बहरैनला ठीक आहोत. जमालुद्दीन सित्र्याला कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर आहेत. पहाटे साडेपाचला कंपनीची बस येते. अजरा सात वर्षांची झाली. मी तिच्याशी आपल्या भाषेत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते.

जानेवारीपासून मला वाटत होतं की आमचा फ्रिज वाजतो. जमालुद्दीननी माणूस बोलावला, त्याने मागची जाळी पुसली, पायांखाली लाकडाच्या चकत्या घातल्या. आवाज तसाच. मग गेल्या आठवड्यात दुपारी इमारतीची वीज गेली. फ्रिज बंद, वरच्या बाईचा रेडिओ बंद, जिन्यातलं पाणी चढवायचं मशीन बंद. मी स्वयंपाकघरात उभी होते. सगळं चिडीचूप झालं आणि तो आवाज मात्र चालूच राहिला. माझ्या डाव्या कानामागून येत होता.

हे पत्र हारूनच्या हाती देते आहे. आपल्याच गावचा आहे, इथे ड्रायव्हर आहे, रजेवर चाललाय. माझ्या भावाकडे, सिराजदादाकडे देऊ नकोस, बहिणीच्याच हाती दे, असं त्याला बजावलंय.

हुस्ना


माहूज
२० एप्रिल १९८३

बुबू,

हारून परत आला. म्हणाला, मागच्या खोलीच्या खिडकीतून तुला पत्र दिलं. तू तिथेच उभ्याने वाचलंस आणि त्याला एवढंच विचारलंस, "हुस्ना रंगाने पांढरी पडलीय का?" मी आरशात पाहिलं. पडलेय.

आवाज कसा आहे ते तुला सांगायला नको. तूच त्या वेळी म्हणायचीस, माझ्या डोक्यात कुणीतरी बसून सूप पाखडतंय. अगदी तसाच. सप्प, सप्प, सप्प. जिना चढले की पाखडणारी घाई करते. शांत बसले की तीही सावकाश होते. मी घाबरले की तिला माझ्याआधी कळतं.

जमालुद्दीनना सांगितलं. म्हणाले, "मफी. काही नाही. दिवसभर घरात एकटी असतेस ना, त्याने होतं." कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने कानात घालायचे थेंब दिले आणि झोपेच्या गोळ्या. झोपेतही ती पाखडतेच आहे.

तुझ्याबद्दल मी घरात काही बोललेले नाही. माझी मोठी बहीण गावी असते, तब्येत बरी नसते, एवढंच जमालुद्दीनना माहीत आहे.

आणखी एक लिहून ठेवते. त्या दिवशी तू मला तुझ्या डोक्याला कान लावायला लावलंस तेव्हा मी बारा वर्षांची होते. मला काही ऐकू आलं नव्हतं. आलं नव्हतं म्हणून नाही म्हटलं. त्यात माझी काय चूक?

हुस्ना


माहूज
२७ मे १९८३

बुबू,

तुझं कार्ड मिळालं. नाव नाही, सलाम नाही, दोनच ओळी. "उजव्या कुशीवर झोप. डाव्या कानामागच्या हाडाखाली बोटाने दाब, थांबतं. फार वेळ दाबून ठेवू नको, डोळ्यापुढे अंधारी येते."

मी बाथरूममध्ये जाऊन दाबलं. थांबलं, बुबू. पाच महिन्यांत पहिल्यांदा नळाचं पाणी नुसतं पाण्यासारखं वाजलं. मी खाली बसून रडले. मग बोट काढलं आणि ती परत आली. आत कुणीतरी मी हात काढायची वाट बघत बसलं होतं, असं वाटलं.

तू वीस वर्षं त्या खोलीत बसून एकटीने हे शोधून काढलंस.

आता दुसरं सांगते. परवा अजरा पुस्तक वाचत माझ्याजवळ पडली होती, तिचं डोकं माझ्या डोक्याला टेकलेलं. मध्येच तिने पुस्तक खाली ठेवलं.

"ममी, हू इज स्वीपिंग?"

"कुठे?"

तिने माझ्या कानाजवळ बोट नेलं. "इन देअर."

मी तिला थप्पड मारली. जन्मात तिच्यावर हात उगारला नव्हता. तिचे दोन्ही दंड धरून म्हटलं, "तुला काही ऐकू आलं नाही. म्हण, काही ऐकू आलं नाही." ती रडत होती, नाक वाहत होतं, आणि म्हणत होती, "बट आय हर्ड इट." तेवढ्यात जमालुद्दीन कामावरून आले. त्यांनी विचारलं काय झालं. तिने त्यांनाही तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तरी तेच.

मग ते माझ्याजवळ बसले. हसतच बसले होते. कान लावला. मी त्यांचा चेहरा बघू शकत नव्हते, पण माझ्या गालावरचा त्यांचा श्वास थांबला. एकदम मागे सरले आणि कुराणातली आयत पुटपुटायला लागले. त्या दिवसापासून ते बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतात. अजराला माझ्याजवळ झोपू देत नाहीत.

शेजारच्या मुनीराने सांगितलं म्हणून जवळच्या उम्म अल हस्सम वस्तीत एका बाईकडे जाऊन पाणी फुंकून आणलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. पैसेही घेतले नाहीत. म्हणाली, परत येऊ नका.

अब्बांची सख्खी बहीण असून फुफी त्या वेळी काय म्हणाली होती, तुला आठवतं? ज्याला ऐकू येईल त्याच्यात ते शिरेल. माझ्या अजराने ऐकलंय.

हुस्ना


माहूज
३० जून १९८३

बुबू,

माझा डावा डोळा लाल होऊन पुढे आला, तेव्हा जमालुद्दीन घाबरून मला मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेले. तिथे डोक्याची ऑपरेशनं करणारे एक डॉक्टर आहेत, डॉ. कमाल. मिसरचे, म्हणजे इजिप्तचे आहेत. जाडजूड, घाम पुसत बोलणारे. आमच्याशी तुटक हिंदीत बोलले, जमेल तिथे इंग्लिशमध्ये.

मी आवाजाचं सांगायला लागले आणि सवयीने थांबले. ते म्हणाले, "बोला, बोला." मग त्यांनी नळी माझ्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवली, मग कानशिलावर, मग कानामागे. तिथे ठेवून त्यांनी स्वतःचेही डोळे मिटले. बराच वेळ झाला. नर्स दारात उभी होती, तिला त्यांनी हाताने गप्प राहायला सांगितलं. मग कानातली नळी काढून जमालुद्दीनच्या कानात घातली, आणि शेवटी माझ्या.

स्वतःच्या डोक्यातला आवाज मी बाहेरून ऐकला. तो माझा वाटलाच नाही. बंद दाराच्या पलीकडे कुणीतरी निवांत आपलं काम करत बसलंय आणि आपण चोरून ऐकतोय, तसं वाटलं.

"हा आवाज खरा आहे," डॉक्टर म्हणाले. "कुणी तुम्हाला वेडं तर ठरवलं नाही ना?"



त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाकडून रक्त जोराने नेणारी नस वेगळी आणि परत आणणारी वेगळी. मध्ये बारीक जाळं असतं, त्यात रक्ताचा जोर मोडतो. माझ्या कानामागे, कवटीच्या आतल्या अंगाला, त्या दोन नसा जाळ्याशिवायच एकमेकींत उघडल्यात. रक्त धबधब्यासारखं पडतं, तो हा आवाज. पुढच्या आठवड्यात मांडीतून नळी घालून, रंग सोडून डोक्याचे फोटो काढले. फोटोत ती जागा झाडाच्या मुळांच्या गुंत्यासारखी दिसते. डॉक्टर म्हणाले, ती कधीही फुटू शकते. कवटी उघडून त्या नसा बांधाव्या लागतील. जीव वाचेल का, याची हमी त्यांनी दिली नाही.

तपासताना मी नकळत हाडाखाली बोट दाबलं होतं. डॉक्टर चमकले. नळी लावून म्हणाले, "थांबला! हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"घरात अजून कुणाला असा आवाज? नाकातून रक्त? कुणी एकाएकी डोकं धरून गेलं?"

अब्बांचा घोळणा नेहमी फुटायचा. धक्क्यावर डोकं धरून बसले ते उठलेच नाहीत. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही."

हुस्ना


माहूज
२ जुलै १९८३

बुबू,

मला ऐकू आलं होतं.

परवाच्या पत्रानंतर दोन दिवस मी हे एक वाक्य लिहायला बसत होते. आता लिहिलंय, तर पुढचंही लिहिते.

तुझ्या सासरची माणसं पडवीत बसली होती. मौलवीसाहेब होते, अब्बा होते, फुफी दारात होती. नूरबानो सहा महिन्यांची, तुझ्या मांडीवर पीत होती. तू सगळ्यांना म्हणत होतीस, कुणीतरी कान लावून बघा, एकदा बघा. कुणी पुढे येईना. मग तू मला हाक मारलीस. "हुस्ना, तू ऐक गो. तू खोटं नाही बोलायचीस."

त्याआधी फुफीने मला चुलीपाशी नेऊन पुन्हा बजावलं होतं की जो ऐकेल त्याच्यात ते शिरेल, आणि मग तुलाही बुबूबरोबर खोलीत कोंडावं लागेल. मी तुझ्या कानामागे कान लावला. तुझ्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. पहिल्या क्षणालाच ऐकू आलं. सप्प, सप्प. तुझ्या छातीतल्या ठोक्याबरोबर.

मी कान काढला आणि म्हटलं, "काही नाही येत ऐकू."

तू माझ्यावर रागावली नाहीस. तू फक्त माझ्याकडे बघितलंस, आणि मला ऐकू आलंय हे तुला कळलं. मग तुझ्या सासूने नूरबानोला तुझ्या मांडीवरून उचललं. तिच्या ओठांवर दूध होतं. तू किंचाळलीस, आणि ते किंचाळणंच वेडाचा पुरावा म्हणून तलाकनाम्याच्या वेळी सांगितलं गेलं. तिला नेणारी होडी खाडीत दिसेनाशी होईपर्यंत दोघांनी तुझे हात धरून ठेवले होते. त्यातली एक मी.

जानेवारीत आवाज सुरू झाला तेव्हा मला नवल वाटलंच नाही. एकवीस वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

आज सकाळी एकटी टॅक्सीने इस्पितळात गेले आणि डॉ. कमालना सगळं सांगितलं. अब्बांचंही. ते रागावले नाहीत. त्यांनी अजराला आणायला सांगितलं. दुपारी नेलं. तिच्या डोक्यावर इकडून तिकडून नळी लावून ऐकलं. काही नाही. बाळ, तुझं डोकं रिकामं आहे, असं म्हणाले, तर ती रुसली.

तुझ्याबद्दल म्हणाले, तिच्या कानामागे कुणीतरी कान लावायलाच हवा. घरात कुणीही चालेल. शांत जागा लागेल, बास.

सोळा तारखेला माझी कवटी उघडणार आहेत. जमालुद्दीनना मी हे सगळं सांगितलंय.  काल रात्री त्यांनी सोफ्यावरची उशी परत आत आणून ठेवली.

हे पत्र पोचेल तेव्हा मी असेन की नाही, माहीत नाही. माफी मागत नाही. फक्त तू खरं बोलत होतीस, हे माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असू दे.

हुस्ना


माहूज
१९ ऑगस्ट १९८३

बुबू,

मी जिवंत आहे. नऊ तास लागले. अर्धं डोकं भादरलंय, कानामागे घोड्याच्या नालेसारखी शिवण आहे. डोळा आत गेला. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, येईल जीव.

आवाज गेला.

शुद्धीवर आले तेव्हा पहिली गोष्ट तीच कळली, आणि मी ओरडायला लागले. नर्सला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. इतकं सामसूम होतं की आपण मेलो आणि हे पलीकडचं आहे असं मला वाटलं. अजून अधूनमधून स्वयंपाक करताना मी थांबते आणि कानोसा घेते. ती गेलीय का, की नुसती गप्प बसून ऐकतेय? डॉ. कमालना हे सांगितलं तर त्यांनी परत नळी लावली, स्वतः ऐकलं, मला ऐकवलं. काहीच नव्हतं. दिवसा त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास बसतो.

विमानात बसायची परवानगी ऑक्टोबरात मिळेल. मी येते आहे. सिराजदादाला कळवलंय. नको म्हणाला तरी येणार.

हुस्ना


माहूज
२५ नोव्हेंबर १९८३

बुबू,

सुखरूप पोचले. तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहिते.

तू दार उघडलंस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. बेचाळीस-त्रेचाळीसची बाई आणि केस एवढे पांढरे. तू मात्र माझा रुमाल सरकवून आधी शिवण बघितलीस, बोट फिरवलंस, आणि विचारलंस, "इथनंच उघडली?"

मी सगळ्यांना पडवीत बसवलं. सिराजदादा, भाबी, आणि ती काठी टेकत आलेली फुफी. सगळ्यांच्या देखत बोलले की मला ऐकू आलं होतं आणि मी खोटं बोलले. फुफी म्हणाली, "जुनं कशाला उकरतेस?" सिराजदादा जमिनीकडे बघत बसला.  मला वाटलं होतं घर कोसळेल. भाबीने चहा आणला.

मग मी तुझ्या कानामागे कान लावला. उजवीकडे लावला, डावीकडे लावला. दादाला कोंबड्या हाकलायला सांगितल्या. काही नव्हतं.  वाटलं, मीच तेव्हा चुकले की काय, तेव्हाही काही नव्हतंच की काय.

"नाही सापडायचं," तू म्हणालीस. "अब्बा गेले त्या पावसात बंद झालं. आपोआप."

"म्हणजे तेरा वर्षं?" सिराजदादा उठून उभा राहिला. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुझ्या बायकोला सांगितलं, फुफीला सांगितलं. येतो म्हटलं तेव्हा कुणाला खरं वाटलं नाही, गेला म्हटलं तर कसं वाटेल?"

इथे आल्यावर डॉ. कमालना विचारलं. ते म्हणाले, लाखात एखादीचं असं होतं, रक्त गोठून ती वाट आपली आपण बुजते. त्यांनी तुझं वय विचारलं, नाव विचारलं, वहीत लिहून घेतलं. कुणीतरी तुझं नाव लिहून घेतलं, एवढं तुला कळावं.

निघताना मी तुझे पाय धरायला वाकले, तू पाय मागे घेतलेस. माफ केलंस म्हणाली नाहीस. कागदाचा एक चिटोरा दिलास. नूरबानो, चिपळूण, नवऱ्याचं नाव, मोहल्ला. हा पत्ता तू कसा मिळवलास, कुणाकडून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. "तिला लिही," एवढंच म्हणालीस. "मला लिहिलंस तेच."

लिहिलं. आजच टपालात टाकलं.

हुस्ना


माहूज
३ फेब्रुवारी १९८४

बुबू,

हे पत्र चिपळूणच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तू आता तिथे आहेस.

गेल्या महिन्यात नूरबानोचं उत्तर आलं, ते मी वर एक शब्दही न लिहिता तसंच्या तसं तुला पाठवलं होतं. मला लिहायला सुचलंच नाही. तिने लिहिलं होतं: "मावशी, आई वेडी होती एवढंच सगळे मला सांगत आले. कशाने, ते तुमच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. दीड वर्षापूर्वी मुलगी झाली तेव्हापासून मला रात्रंदिवस उजव्या कानात सूप पाखडल्यासारखं ऐकू येतं. मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मुलगी काढून घेतील."

काल दोन पत्रं एकदम आली. एक सिराजदादाचं. लिहितो की मंगळवारी सकाळी तू बुरखा घालून एकटी निघालीस, कुठे म्हणून विचारलं तर "लेकीकडे" म्हणालीस, आणि तो धावत धक्क्यावर पोचेपर्यंत होडी सुटली होती. बावीस वर्षांत तू उंबऱ्याच्या पलीकडे गेली नव्हतीस. एसटी कुठून सुटते ते तरी तुला माहीत होतं का?

दुसरं नूरबानोचं. तिची सासू दारात आली आणि कोण पाहिजे म्हणाली. तू म्हणालीस, "मी हिची वेडी आई." आत गेलीस. लेकीला समोर बसवलंस, तिची वेणी बाजूला केलीस आणि कान लावलास. नूरबानो लिहिते, त्या वेळी तिच्याने हलवेना, तिला वाटलं ही बाई आता माझ्या डोक्यात शिरणार. तू कितीतरी वेळ तशीच होतीस. मग मान वर केलीस आणि सासूला म्हणालीस, "या. तुम्ही ऐका." ती नको म्हणत होती. तू तिचा हात धरून आणलंस. मग सासऱ्याला, नणंदेला, जावयाला. एकेकाला बसवून ऐकायला लावलंस, आणि प्रत्येकाकडून म्हणवून घेतलंस की हो, ऐकू आलं. तोपर्यंत तिची पोर तुझ्या एका हातात घट्ट धरलेली होती. ती तू कुणाला दिली नाहीस.

डॉ. कमालनी मुंबईच्या एका सर्जनना चिठ्ठी दिली आहे. जमालुद्दीननी ट्रंक कॉल लावून वीस तारीख घेतली. चिठ्ठी आणि माझ्या डोक्याचे फोटो घेऊन मी अठराला मुंबईत उतरते. जावई हो म्हणालाय, हे वाचून जीव भांड्यात पडला. सासू अजून कुरकुर करते म्हणे. करू दे. तिने ऐकलंय, आता तिला नाही म्हणता येणार नाही.

डॉक्टर म्हणतात, हे अब्बांकडून आलं. फुफीचं ते बोलणं आणि सहा महिने तुझ्या छातीवर झोपलेली नूरबानो, हे मी शेजारी शेजारी ठेवून बघत नाही. तूही बघू नकोस.

एकच सांगायचंय. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना नूरबानो घाबरेल. दुखण्याने नाही, त्या सामसुमीने. तिला कुणी आधी सांगून ठेवलं तरी उपयोग नाही, मला माहीत आहे. तुझा आवाज बंद झाला तेव्हा त्या खोलीत तुझ्याजवळ कुणी नव्हतं. माझ्याजवळ नर्स होती, तिला काही कळलं नाही. तू तिच्या उशाशी बस आणि बोलत राहा. काहीही बोल, पण थांबू नकोस.

तिच्या पोरीला घेऊन मी बाहेर बाकावर बसेन.

तुझी हुस्ना